नदीची शिल्लक

पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती, तेव्हा, म्हणजे १८२४ साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक दख्खनच्या नव्याने हाती आलेल्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी केली. जमीनमहसूल, पिके, लोकवस्ती, हवामान यांची मोजदाद करता करता या गृहस्थाने पक्ष्यांची, माशांची आणि इतर प्राण्यांचीही टिपणे केली, आणि सरकारी दप्तरात ज्याचा कवडीचाही महसूल जमा होण्याजोगा नव्हता असा एक जीव त्या टिपणांत शिरला. तो म्हणजे दख्खनच्या पठारावर आणि घाटमाथ्यावर बिळे करून राहणारा खेकडा. १८३६ साली जॉन ओबादाया वेस्टवुड या इंग्लिश कीटकशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन साईक्सच्या टिपणासह प्रसिद्ध केले आणि त्याला ‘क्युनिक्युलॅरिस’ हे विशेषण लावले, ज्याच्या मुळाशी लॅटिन भाषेत ससा आणि सशाचे भुयार असे दोन्ही अर्थ आहेत. आज प्राणिशास्त्रात ‘बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस’ या नावाने ओळखला जाणारा, आणि आपल्याकडे कोठे मुठा, कोठे किरवा, कोठे नुसता खेकडा म्हणून हाक मारला जाणारा हा प्राणी या पुस्तकाचा नायक आहे.

त्याच्याविषयी प्राणिशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमसाठी आल्फ्रेड अल्कॉक याने १९१० साली गोड्या पाण्यातील खेकड्यांची सूची सिद्ध केली. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर तेथील प्राणिशास्त्र विभागात डॉ. आर. नागभूषणम् आणि डॉ. आर. सरोजिनी यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कवचधारी प्राण्यांच्या शरीरक्रियेवर दीर्घकाळ परिश्रम केले. आणि २०१४ साली सह्याद्रीतील काही खेकड्यांसाठी ‘घाटियाना’ हे घाटाचेच नाव धारण करणारी नवी प्रजाती निर्माण झाली. माझा विषय या थोर परंपरेच्या एका कडेला आहे. कारखान्यांचे सांडपाणी, शहरांचा मैला, रस्त्यांवरची धूळ आणि खाणींचा गाळ यांच्याबरोबर कॅडमियम, शिसे, पारा, तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम हे धातू आपल्या ओढ्यानद्यांत उतरतात. त्यांतील कोणता धातू, किती, आणि मुख्यतः कोणत्या परिस्थितीत खेकड्याच्या देहात प्रवेश करतो, एवढाच प्रश्न मी येथे हाती घेतला आहे. या प्रश्नातील ‘कोणत्या परिस्थितीत’ हे दोन शब्द वाचकाने प्रारंभीच ध्यानात धरावेत अशी माझी विनंती आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यांच्याभोवती फिरणार आहे. पाण्यात धातू किती आहे आणि प्राण्याच्या अंगी तो किती उतरतो, या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये पाण्याची अवस्था उभी असते, आणि ही अवस्था आपल्या मुलखात आषाढात एक, मार्गशीर्षात दुसरी आणि वैशाखात तिसरीच असते.

नदीच्या पाण्याची परीक्षा करण्याची रूढ पद्धत अशी आहे की, ठरल्या दिवशी ठरल्या पुलाखालून बाटलीभर पाणी भरून घ्यावे, ते प्रयोगशाळेत न्यावे, आणि लिटरमागे अमुक मिलिग्रॅम असा आकडा तक्त्यात मांडावा. या पद्धतीला मी नावे ठेवीत नाही. तिच्यावाचून चालणार नाही. परंतु व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द वेगळी आणि वर्षअखेरची शिल्लक वेगळी, हे ज्याला ठाऊक आहे त्याला एवढे सहज पटेल की बाटलीतील पाणी ही नदीच्या रोजकीर्दीतील एका दिवसाची, किंबहुना एका घटकेची नोंद आहे. काल रात्री जे सोडले गेले ते आज दुपारी भरलेल्या बाटलीत सापडेलच असे नाही. ते वाहून गेले असेल, गाळात बसले असेल, किंवा कोणाच्या तरी देहात गेले असेल. हा देह ज्याचा, त्याच्याकडे जमा आणि खर्च वजा जाऊन उरलेली शिल्लक असते.

ही शिल्लक वाचण्यास खेकडाच का निवडावा, याचे उत्तर त्याच्या जन्माच्या रीतीत आहे. समुद्रातील खेकड्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा ती पिल्लांसारखी दिसतही नाहीत. सूक्ष्म अळ्यांच्या रूपाने ती प्रवाहाबरोबर दूरवर तरंगत जातात आणि अनेक रूपांतरे होऊन मग खेकडा बनतात. गोड्या पाण्यातील खऱ्या खेकड्यांनी, ज्यांच्या १३०० हून अधिक जाती जगात नोंदल्या गेल्या आहेत, ही तरंगती अवस्था सर्वस्वी टाकून दिली आहे. मादी आपली मोठी, पिवळ्या बलकाने भरलेली, मोजकी अंडी पोटाखालच्या घडीत बाळगते. त्यांतून थेट पूर्ण घडणीचे इवले खेकडे निघतात, आणि तेही काही दिवस आईच्या पोटाशी बिलगून असतात. आईच्या पोटाखालून जो उतरतो तो त्याच ओढ्याच्या दगडाखाली शिरतो आणि बहुधा तेथेच वाढतो, तेथेच मरतो. मासा पुराबरोबर दहा कोस खाली जाईल आणि त्याच्या अंगचा धातू कोठल्या पाण्यातला याची शाश्वती राहणार नाही. खेकडा मात्र आपल्या वहिवाटीची जागा सहसा सोडीत नाही. साक्षीदार घटनास्थळीच राहणारा असावा, हा साक्षीचा पहिला गुण त्याच्या ठिकाणी आहे.

आता त्याच्या देहाच्या दाराशी जाऊ. ही गोष्ट सावकाश समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही, म्हणून येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. गोड्या पाण्यात क्षार अत्यल्प, आणि खेकड्याच्या रक्तात त्या मानाने कितीतरी अधिक; त्यामुळे त्याच्या देहातील क्षार अखंड बाहेर झिरपू पाहतात आणि बाहेरचे पाणी आत शिरू पाहते. या दुहेरी संकटावर त्याने दोन उपाय केले आहेत. एक म्हणजे अंगावरचे कवच आणि त्वचा शक्य तितकी अभेद्य ठेवणे, आणि दुसरा म्हणजे कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून सोडियम, क्लोराइड आणि कॅल्शियम हे आयन, ऊर्जा खर्ची घालून, विरळ पाण्यातून उलट दिशेने ओढून घेणे. कल्ले हे श्वासाचे इंद्रिय म्हणून आपण शाळेत शिकतो. गोड्या पाण्यातील खेकड्याच्या बाबतीत ते तितकेच क्षारांच्या वसुलीचे नाके आहे. धातूचे संकट याच नाक्यावर उभे राहते. कॅल्शियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १०० पिकोमीटर आणि कॅडमियमची सुमारे ९५. दोहोंवर विद्युद्भार सारखाच. जो मार्ग कॅल्शियमसाठी उघडा ठेवावा लागतो त्याच मार्गाने कॅडमियम आत येते, आणि कॅल्शियमवाचून कवच बनत नसल्यामुळे तो मार्ग बंद करणे खेकड्याच्या हाती नाही. ज्या भुकेवर त्याचे जीवित अवलंबून आहे तीच भूक विषाला वाट करून देते; या प्राण्याच्या अभ्यासात मला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटत आली आहे.

एकदा हे ध्यानी आले, की पाण्याची अवस्था धातूच्या प्रवेशात एवढी ढवळाढवळ का करते याचा उलगडा होऊ लागतो. देशावरच्या ज्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्याला आपल्या पाठ्यपुस्तकांनी दुष्फेन हे नाव दिले आहे. गृहिणीच्या दृष्टीने दोषास्पद असलेले हे पाणी खेकड्याला काही अंशी संरक्षण देते. कारण त्यात कॅल्शियमचे आयन विपुल असल्याने कल्ल्यांच्या दाराशी त्यांचीच गर्दी होते आणि कॅडमियमला सहज वाट मिळत नाही. उलट कोकणातील पावसाळी ओढ्यांचे सुफेन, निर्मळ, चवीला गोड पाणी कॅल्शियमच्या बाबतीत दरिद्री असते, आणि तेथे तेवढाच धातू अधिक सुलभपणे देहात उतरू शकतो. म्हणून पावसाळ्यात पाणी वाढले म्हणजे धातू विरळ झाला आणि धोका टळला, असा जो सरळ हिशेब मांडला जातो, तो अर्धाच खरा आहे. धातू विरळ होतो हे खरे, परंतु त्याचा प्रतिस्पर्धी कॅल्शियमही विरळ होतो. शिवाय मृगाच्या पहिल्या सरी आठ महिन्यांची रस्त्यांवरची, छपरांवरची आणि कारखान्यांच्या आवारांतली धूळ एकदम धुऊन ओढ्यात आणतात, आणि नेमक्या त्याच रात्री उन्हाळाभर बिळांत दडून बसलेले खेकडे बाहेर पडतात.

वैशाखातील गणित निराळे. पाणी आटून डोहाडोहांत उरते, धातूचे प्रमाण वाढते, पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि खेकड्याची श्वासाची गरज मात्र वाढते, त्यामुळे तो कल्ल्यांवरून अधिक पाणी खेळवतो आणि अधिक पाण्याबरोबर अधिक धातू त्याच्या कल्ल्यांशी भिडतो. तथापि याच काळात क्षारही साठून पाण्याचा दुष्फेनपणा वाढलेला असतो, आणि शेवाळाच्या दिवसभराच्या प्रकाशसंश्लेषणाने पाणी अल्कधर्मी होऊन पुष्कळसा धातू विद्राव्य रूपातून बाहेर पडतो. एक हात देतो आणि दुसरा काढून घेतो, अशी ही अवस्था. यापैकी कोणता हात प्रबळ ठरेल, हे एखाद्या सूत्रात बसवण्याचा मोह अनेक अभ्यासकांना होतो, मलाही झाला होता. परंतु प्रत्येक ओढ्याचे उत्तर त्या ओढ्याकडेच मागावे लागते, या निष्कर्षावर मी आलो आहे.

रसायनशास्त्राचा आणखी एक सिद्धांत येथे सांगितला पाहिजे. पाण्यातील सर्व धातू जीवाच्या दृष्टीने सारखा नसतो. त्याचा काही भाग मोकळ्या आयनांच्या रूपात असतो, काही क्लोराइडशी किंवा कार्बोनेटशी बांधला गेलेला असतो, आणि काही कुजलेल्या पानांतून उतरणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांना चिकटलेला असतो. कल्ल्यांच्या दारातून मुख्यतः जातो तो मोकळा आयन. सह्याद्रीच्या राईतून वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी आश्विनात कधी कधी फिक्या चहासारखे दिसते, त्या रंगातील द्रव्ये तांब्याला इतकी घट्ट धरून ठेवतात की त्याचा फारच थोडा अंश मोकळा राहतो. राई तोडली म्हणजे सावली जाते, पाणी आटते, माती धुपते, हे आपण ऐकतो. धातूला बांधून ठेवणारा हा पाचोळ्याचा अर्कही जातो, ही हानी कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. आम्लतेचे काम तर दुधारी आहे. पाणी आम्ल झाले की गाळाला आणि खडकाला चिकटलेला धातू सुटतो व मोकळ्या आयनांची संख्या वाढते. परंतु आम्लाचे स्वतःचे हायड्रोजन आयनही कल्ल्यांच्या दाराशी येऊन धातूला अडवतात. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या परिसरातील सोन्याच्या खाणींचे आम्ल पाणी ज्या प्रवाहांत उतरते, तेथील ‘पोटॅमोनॉटीस’ प्रजातीतील खेकड्यांच्या अवयवांत तांब्यासारख्या धातूंचा साठा त्या देशातील संशोधकांनी मोजला आहे, आणि या प्रश्नाच्या अभ्यासकाने त्यांचे काम अवश्य पाहावे.

गोव्यातील लोहखनिज गंधकयुक्त नसून ऑक्साइडच्या रूपात असल्याने तेथील खाणींच्या पाण्याला तशी तीव्र आम्लता सहसा येत नाही. तेथील प्रश्न तांबड्या गाळाचा आहे, आणि गाळाचा विचार केल्याखेरीज खेकड्याचा विचार पुरा होत नाही, कारण तो पाण्यात जितका राहतो तितकाच चिखलात राहतो. नदीच्या तळाशी धातूची दोन कोठारे असतात आणि त्यांची कुलपे परस्परविरुद्ध किल्ल्यांनी उघडतात. लोह आणि मँगनीज यांच्या गंजासारख्या ऑक्साइडांवर इतर धातू चिकटून बसतात. हे कोठार प्राणवायू असेपर्यंत बंद असते, आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की ऑक्साइड विरघळून त्यांच्याबरोबर धातूही सुटतात. दुसरे कोठार काळ्या, कुजट वासाच्या, प्राणवायुहीन चिखलाचे. तेथे गंधकाशी संयोग पावून धातू जवळजवळ निश्चेष्ट होतात. परंतु पुराने किंवा वाळू उपसणाऱ्या यंत्राने तो चिखल ढवळला आणि त्याला हवा लागली की हे दुसरे कोठार उघडते. म्हणजे तळ श्वासावाचून गुदमरला तरी एक दार उघडणार आणि त्याला एकाएकी श्वास मिळाला तरी दुसरे. याच काळ्या चिखलात काही जीवाणू पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात. कॅडमियम किंवा शिसे अन्नसाखळीत वर चढताना सामान्यतः वाढत जात नाही, मिथिल-पारा मात्र पायरीपायरीने वाढत जातो, म्हणून त्याचे प्रकरण मी स्वतंत्र ठेवले आहे.

जेथे नदी खाडीला मिळते तेथे भरती-ओहोटी हा आणखी एक बदल दिवसातून दोनदा घडत असतो. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतके असते की बहुतांश कॅडमियम त्याच्याशी बांधले जाते आणि मोकळे आयन थोडेच उरतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या लोंढ्याने खारेपणा मागे रेटला की हे बंधन सैल होते. उल्हास, पाताळगंगा, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या काठी औद्योगिक वसाहती आहेत आणि त्याच नद्यांच्या मुखाशी कोळ्यांची जाळी आहेत. परंतु खाडीतील चिंबोरीचा संसार आमच्या मुठ्याच्या संसाराहून भिन्न असल्याने तिचा उल्लेख मी तुलनेपुरताच केला आहे.

धातू देहात आला म्हणजे लगेच घात झाला, असे मात्र नाही. तांबे तर खेकड्याच्या रक्ताचे मूळ द्रव्य आहे. आपल्या रक्तात लोह जे काम करते ते त्याच्या हीमोसायनिन नावाच्या प्रथिनात तांबे करते, आणि प्राणवायू मिळाला की त्याचे रक्त निळसर दिसते. जस्तावाचून त्याची कित्येक विकरे चालणार नाहीत. कल्ल्यांतून क्षार ओढून घेण्याच्या कामी साहाय्य करणारे एक प्रमुख विकरही जस्तयुक्तच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात तांबे मुळातच आहे आणि निष्कलंक ओढ्यातील खेकड्याच्या अंगीही ते सापडणारच. म्हणून खेकड्यात तांबे सापडले एवढ्यावर नदीविरुद्ध फिर्याद दाखल होऊ शकत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील फिलिप रेनबो यांनी या बाबतीत जो विवेक शिकवला त्याचे ऋण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने मान्य केले पाहिजे. खेकड्याच्या वर्गातील प्राणी तांबे आणि जस्त यांचे देहातील प्रमाण बऱ्याच मर्यादेपर्यंत स्थिर राखतात. आत येणारा जादा धातू ते बाहेर टाकत राहतात, आणि पाण्यातील प्रमाण फारच वाढले तरच हा बंदोबस्त कोसळतो. कॅडमियमचा त्यांना उपयोग नाही आणि ते बाहेर टाकण्याची तशी यंत्रणाही त्यांच्यापाशी नाही. ते साठत जाते. याचा अर्थ असा की, हा साक्षीदार जस्ताविषयी मौन पाळतो म्हणून नदीत जस्त नाही असे मानणे चूक, आणि कॅडमियमविषयी तो जे सांगतो ते लक्ष देऊन ऐकणे अवश्य. साक्षीदार कोणत्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो हे आधी जाणून मग त्याची उलटतपासणी करावी, एवढी साधी न्यायबुद्धी या शास्त्रात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, आणि त्यामुळे कित्येक परिश्रमपूर्वक केलेली कोष्टके निरुपयोगी ठरली, याचे मला मनापासून दुःख होते.

हे साठलेले कॅडमियम जाते कोठे? पाठीचे कवच उघडले असता आत जो पिवळसर तपकिरी, मऊ भाग दिसतो, ती पाचकग्रंथी. यकृत आणि स्वादुपिंड या दोहोंची कामे ती एकटीच करते. तिच्या पेशींत मेटॅलोथायोनीन नावाची गंधकसंपन्न प्रथिने असतात. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात प्रथम सापडलेले हे द्रव्य धातूला विळखा घालून निरुपद्रवी करते. शिशाचा बराचसा अंश कवचात कॅल्शियमच्या शेजारी जाऊन बसतो. आणि मग कात टाकण्याची वेळ येते. वाढीसाठी जुने कवच टाकावेच लागते. त्याबरोबर कवचातला काही धातू देहाबाहेर जातो, परंतु पुष्कळदा खेकडा टाकलेले कवच कॅल्शियमसाठी स्वतःच खातो आणि मोडीत काढलेले खाते पुन्हा उघडते. त्यानंतरचे काही दिवस तो मऊ, असहाय आणि कॅल्शियमसाठी कासावीस असतो, कल्ल्यांची दारे सताड उघडी असतात, आणि या दिवसांत पाण्यात कॅडमियम असेल तर त्याचा शिरकाव सर्वाधिक होतो. यास्तव ज्या नोंदीत खेकड्याने कात केव्हा टाकली याचा दाखला नाही, त्या नोंदीतील आकडा मी अपुरा समजतो.

या पुस्तकाला केवळ प्राणिशास्त्राचे पुस्तक म्हणणे मला जमणार नाही, कारण खेकडा खाल्ला जातो. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी माझे बालपण गेले. पहिल्या पावसाच्या रात्री बत्त्या घेऊन ओढ्याकडे निघालेली माणसे, टोपलीतली खडखड, आणि दुसऱ्या दिवशी पाट्यावर ठेचलेल्या नांग्यांचा गाळून घेतलेला रस घालून केलेले कालवण, या गोष्टी त्या मुलखातील कोणालाही सांगाव्या लागत नाहीत. सर्दी-पडशाला तो रस औषध मानला जातो. ज्याच्या घरी बाजारातून मासळी येऊ शकते त्याला हा पावसाळ्यातील आवडीचा बदल असतो. कातकऱ्याच्या आणि ठाकराच्या घरी तो कित्येक दिवस जेवणातला मुख्य आधार असतो. पाचकग्रंथीसकट सर्व काही ठेचून रस काढण्याची रीत आहे, आणि कॅडमियमचा साठा तर तेथेच. समुद्रातील तपकिरी खेकड्याच्या कवचाखालच्या याच भागाविषयी युरोपीय आयोगाने २०११ साली खाणाऱ्यांना सावध करणारे टिपण काढले. आमच्या ओढ्यांच्या काठी असा दाखला देण्याइतकी मोजणी अगोदर व्हायला हवी, आणि ती झाल्यावर तिचा मजकूर कातकरी वाडीवर समजेल अशा भाषेत पोहोचायला हवा.

कॅडमियम मनुष्यदेहात काय करते हे जपानच्या तोयामा प्रांतातील जिंझू नदीच्या काठच्या शेतकरी स्त्रियांनी भोगून जगाला दाखवले. वरच्या अंगाच्या खाणीतील धातू नदीत, नदीतून भातखाचरांत, आणि भातातून त्यांच्या देहात गेला. मूत्रपिंडे निकामी झाली, हाडांतील कॅल्शियम निघून गेले, आणि नुसत्या खोकल्याने बरगड्या मोडू लागल्या. ‘दुखते, दुखते’ या अर्थाच्या ‘इताई-इताई’ या विव्हळण्यावरूनच रोगाला नाव पडले, आणि १९६८ साली त्या देशाच्या सरकारने प्रदूषणजन्य रोग म्हणून त्याचा स्वीकार केला. खेकड्याच्या कल्ल्यात जो कॅल्शियमचा मार्ग फसवला जातो, त्याच कॅल्शियमच्या व्यवहारावर तिकडे माणसाच्या हाडांत घाला पडला. रसायनाच्या दृष्टीने ही दोन दुःखे सख्खी भावंडे आहेत.

आपल्या राज्याने कायद्याच्या बाबतीत विलंब केला असे कोणी म्हणू शकणार नाही. केंद्राचा जलप्रदूषणाचा अधिनियम १९७४ चा. महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा त्याच्या पाच वर्षे आधी, १९६९ साली केला आणि १९७० साली मंडळही स्थापन केले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कॅडमियमची मर्यादा लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम, शिशाची ०.०१ आणि पाऱ्याची ०.००१ अशी घालून दिली आहे. हे आकडे माणसाच्या पेल्यासाठी आहेत. ओढ्यातच जन्मून ओढ्यातच मरणाऱ्या जीवाला तेच पाणी रात्रंदिवस कल्ल्यांवरून खेळवावे लागते. त्याच्यासाठी तीच मर्यादा सुफेन पाण्यात एक अर्थ धारण करते आणि दुष्फेन पाण्यात दुसरा. आकडा ज्या पाण्यात मोजला त्या पाण्याचा दुष्फेनपणा, आम्लता, तापमान आणि प्राणवायू यांची नोंद त्या आकड्याशेजारी सक्तीने असावी, आणि वर्षातून निदान तीन ऋतूंत तेथील खेकड्याच्या पाचकग्रंथीचीही रुजवात घ्यावी, एवढी माझी मागणी आहे. ती अवाजवी नाही. तिला खर्च फारसा नाही. चिकाटी मात्र लागेल.

प्रयोगशाळेतील निष्कर्षांविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. काचेच्या टाकीत खेकडा ठेवून त्यात कॅडमियमचे मोजके द्रावण घातले म्हणजे कल्ल्यांतून किती धातू शिरतो हे समजते. परंतु ओढ्यातला खेकडा सडलेली पाने, शेवाळ, मेलेले मासे आणि चिखलातले किडे खातो, आणि त्याच्या देहातील धातूचा मोठा भाग तोंडावाटे आलेला असू शकतो. उलटपक्षी ओढ्यातून आणलेला खेकडा तसाच दळून तपासला तर त्याच्या आतड्यातील न पचलेला गाळही त्याच्याच नावे जमा होतो. तेव्हा त्याला स्वच्छ पाण्यात ठेवून पोट रिकामे होऊ देणे, मग अवयव वेगवेगळे काढणे, नर-मादी, पाठीची रुंदी आणि वजन टिपणे, हे सारे करावे लागते. पुढील प्रकरणांतील कोष्टके या शिस्तीने तयार केली आहेत. जेथे ती पाळता आली नाही तेथील आकडे मी गाळून टाकले आहेत, आणि त्यामुळे पुस्तक सडपातळ झाले आहे.

शेवटी एका ऋणाचा निर्देश. कात टाकण्याची अवस्था ओळखण्यासाठी मी पहिली दोन वर्षे कवचाचे तुकडे भिंगाखाली धरीत असे, आणि तोपर्यंत निम्मे खेकडे मरून जात. घाटाखालच्या एका वाडीवरील वृद्ध कातकरी गृहस्थ, जे माझ्याबरोबर ओढ्यात उतरत असत, त्यांनी एके दिवशी माझ्या हातातला खेकडा घेतला, त्याच्या पाठीच्या कडेला, मागच्या पायांच्या वर, अंगठ्याने हलकेच दाबले, आणि हा चार दिवसांपूर्वीचा, हा दोन आठवड्यांचा, हा अजून टाकायचाय, असे सांगत टोपलीतले सगळे खेकडे तीन ढिगांत लावून दिले. भिंगाखालच्या परीक्षेशी मी ते ढीग ताडून पाहिले. तेव्हापासून या पुस्तकातील प्रत्येक कोष्टकाचा तिसरा स्तंभ त्यांच्या अंगठ्याने भरलेला आहे. आपले नाव छापू नये असे त्यांनी मला निक्षून सांगितले होते.